मर्यादा वाढवा म्हणणाऱ्यांना

डेटाबेसने ‘आता आणखी ट्रान्झॅक्शन उघडता येणार नाही’ असं सांगितलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: आकडा वाढवा. शंभर असेल तर हजार करा, हजार पुरले नाहीत तर दहा हजार. मेमरी आता स्वस्त झाली आहे, हे आकडे जुन्या मशीनांच्या काळात कुणीतरी ठरवून ठेवलेत, त्यांना कवटाळून बसण्यात अर्थ नाही. सल्ला देणारा बहुधा अनुभवी असतो. आकडा बदलल्यावर प्रोग्राम खरोखरच पुन्हा चालू लागतो आणि सल्ला बरोबर होता अशी सगळ्यांची खात्री पटते. माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. शिवाय तो चुकला हे फार उशिरा कळतं, त्यामुळे नुकसानही मोठं होतं.

बोलतोय ते एम्बेडेड डेटाबेसविषयी, म्हणजे ज्याला स्वतःचा सर्व्हर नसतो, जो लायब्ररी म्हणून तुमच्याच प्रोग्राममध्ये जोडला जातो आणि माहिती डिस्कवरच्या फाइलीत ठेवतो. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये असलेला एसक्यूलाइट हा यातला सर्वांत ओळखीचा. त्याच्याही आधीचा बर्कली डीबी, कॅलिफोर्निया विद्यापीठात जन्मलेला आणि २००६ मध्ये ओरॅकलकडे गेलेला. ओपनएलडॅपमध्ये त्याची जागा घ्यावी म्हणून हॉवर्ड चू यांनी २०११ च्या सुमारास लिहिलेला एलएमडीबी. तिघांची घडण वेगळी, आणि मर्यादेचं रूपही वेगळं. बर्कली डीबीत एका वेळी किती ट्रान्झॅक्शन्स चालू राहू शकतील याचा आकडा ‘टीएक्स-मॅक्स’ने द्यावा लागतो. एलएमडीबीत लिहिणारा एका वेळी एकच असतो. वाचणारे किती, एवढं ‘मॅक्सरीडर्स’ने सांगायचं. एसक्यूलाइटमध्येही लिहिणारा एकच, आणि तिथे बदलण्यासारखा आकडाच नाही, म्हणून तिथली मंडळी कनेक्शन पूल वाढवतात.

एका क्षणी किती ट्रान्झॅक्शन्स उघडी असतील? सेकंदाला किती नवी उघडतात आणि प्रत्येक सरासरी किती वेळ उघडं राहतं, यांचा गुणाकार केला की उत्तर मिळतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम रांगांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. डेटाबेसचे आकडे बदलणाऱ्यांनीही तो पाठ करावा असं मला कळकळीने वाटतं. सेकंदाला २०० वाचन-ट्रान्झॅक्शन्स, प्रत्येक ५ मिलिसेकंदांचं. सरासरी उघडी संख्या एक. आता त्याच प्रोग्राममध्ये कुणीतरी प्रत्येक ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून मध्येच पेमेंट गेटवेला काहीतरी विचारलं आणि उत्तराला दोन सेकंद लागले, तर तीच संख्या ४०० होते. गिऱ्हाइकं तेवढीच, वाचलेली माहिती तेवढीच, डेटाबेसला करावं लागणारं काम तेवढंच. शंभराची मर्यादा मात्र आता पहिल्याच सेकंदात मोडते. तुम्ही ती ५०० केलीत की त्रुटी गायब होते आणि ते दोन सेकंद जिथल्या तिथे राहतात. उद्या गेटवे मंदावला, उत्तराला पाच सेकंद लागू लागले, की पुन्हा तोच संदेश आणि पुन्हा तोच सल्ला.

‘मेमरी स्वस्त आहे’ हा मुद्दा मी विनातक्रार मान्य करतो, कारण त्याचा या प्रश्नाशी संबंधच नाही. एलएमडीबीत एका वाचकाची नोंद साधारण ६४ बाइटांची. वाचकांची मूळ मर्यादा १२६ आहे. तेवढ्या नोंदी आणि वरची एकदोन कुलपं मिळून बरोबर ८ किलोबाइटांत बसतात, म्हणून १२६. हा आकडा थोडाफार मनाने निवडला आहे असं सोर्स कोडातल्या टिप्पणीतच लिहिलेलं आहे. तो दहा हजार केला तरी लागतील ६४० किलोबाइट. फोनमधला एक फोटोसुद्धा याहून मोठा असतो. खर्च पडतो तो दुसरीकडे, आणि तो कसा पडतो हे जवळून पाहिल्याशिवाय हा वाद सुटणार नाही.

एलएमडीबी जुनं पान खोडून त्यावर लिहीत नाही. बदल करायचा तर पानाची नवी प्रत काढतो आणि जुनं पान ‘अमुक क्रमांकाच्या ट्रान्झॅक्शनने मोकळं केलं’ अशी नोंद ठेवतो. हे मोकळं पान पुन्हा वापरायचं असेल तर ते अजून कुणी वाचत नाही ना, याची खात्री लिहिणाऱ्याला करावी लागते. त्यासाठी तो वाचकांचं कोष्टक वरपासून खालपर्यंत चाळतो आणि सर्वांत जुना वाचक कोणत्या क्रमांकावर उभा आहे ते पाहतो. समजा, रात्रीचा अहवाल काढणाऱ्या एका थ्रेडने ८४१२ या क्रमांकावर वाचायला सुरुवात केली. मध्येच एका ओळीत चुकीची तारीख आली, प्रोग्रामने अपवाद फेकला, तो वरच्या कुठल्यातरी फंक्शनने गिळला आणि ट्रान्झॅक्शन बंद करायची ओळ आलीच नाही. थ्रेड जिवंत आहे, प्रोसेस जिवंत आहे, कोष्टकात ८४१२ तसाच. लिहिणारे पुढे जात राहतात: ९०००, २०,०००, ५०,०००. त्या वाचकाच्या पाठीमागून जेवढी पानं मोकळी झाली त्यातलं एकही वापरता येत नाही. दर बदलाला नवी जागा लागते आणि फाइल फुगत जाते. एलएमडीबीत फाइलीची मूळ कमाल मर्यादा १० मेगाबाइट असते; ती बहुतेकांनी आधीच वाढवून काही गिगाबाइट केलेली असते. एके दिवशी तीही भरते. आत प्रत्यक्षात जपण्याजोगी माहिती कदाचित ४० मेगाबाइटच असेल.

या सगळ्या प्रकारात वाचकांची मर्यादा १२६ होती की दहा हजार, याने काडीचाही फरक पडला नाही. विसरलेला एक वाचक पुरला. पण असेच वाचक गळत राहिले असते तर १२७ व्याला ‘रीडर्स फुल’ अशी त्रुटी मिळाली असती, कुणीतरी कोष्टक उघडून पाहिलं असतं, आणि जुन्या क्रमांकांवर अडकलेले वाचक दिसले असते. मर्यादा दहा हजार करणाऱ्याने ही एकमेव सूचनाही बंद करून टाकली. गळक्या नळाखाली मोठी बादली ठेवावी तसं हे आहे: फरशी कोरडी राहते, टाकी रिकामी होत राहते.

‘मेलेल्या प्रोसेसचे वाचक साफ करता येतात ना’, असं यावर सांगितलं जातं. येतात. प्रोसेस ‘किल’ केली, वीज गेली, प्रोग्राम कोसळला, तर मागे राहिलेली नोंद रीडर-चेक या फंक्शनने काढता येते, आणि ती नियमितपणे काढावी असं एलएमडीबीच्या दस्तऐवजांत स्पष्ट म्हटलेलं आहे. पण ही तपासणी फक्त प्रोसेस जिवंत आहे का एवढंच विचारते. वरच्या उदाहरणातला वाचक जिवंत प्रोसेसमधला आहे, त्याला ती हातही लावणार नाही. तो शोधायचा तर एमडीबी-स्टॅट या आज्ञेने कोष्टक छापायचं आणि क्रमांक वाचायचे. पन्नास हजारांच्या रांगेत एखादा आठ हजारांतला दिसला की गुन्हेगार सापडला. आणखी एक गोष्ट. मॅक्सरीडर्स हा आकडा डेटाबेस उघडण्याआधी द्यावा लागतो, आणि दुसरी एखादी प्रोसेस तो डेटाबेस आधीच वापरत असेल तर कोष्टकाची लांबी तिने ठरवलेलीच राहते. आकडा वाढवल्यावर ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे बरेचदा इथे अडकलेले असतात, आणि मग ते आकडा आणखी वाढवतात.

बर्कली डीबीत हीच गोष्ट आणखी फसव्या रूपात समोर येते. टीएक्स-मॅक्सची मर्यादा संपली की नवं ट्रान्झॅक्शन उघडण्याच्या प्रयत्नाला ‘एनोमेम’ हा त्रुटी-संकेत मिळतो, आणि लिनक्स त्याचं भाषांतर ‘मेमरी मिळू शकत नाही’ असं करून दाखवतो. वाचणारा साहजिकच मशीनची मेमरी तपासतो. ती भरपूर मोकळी असते, म्हणून तो गोंधळतो, आणि शेवटी कुणीतरी टीएक्स-मॅक्सचं नाव सांगतं. तोपर्यंत सगळे इतके थकलेले असतात की आकडा दहापट करून विषय मिटवला जातो. मुळात ट्रान्झॅक्शन्स साचली का, हे विचारलंच जात नाही. बर्कली डीबीत याचं नेहमीचं कारण डेडलॉक. दोन ट्रान्झॅक्शन्स एकमेकांच्या लॉकसाठी अडली की डेटाबेस त्यातल्या एकाला डेडलॉकची त्रुटी देतो, आणि ती मिळालेल्याने आपलं ट्रान्झॅक्शन रद्द करायचंच असतं. घाईत लिहिलेल्या कोडात त्या जागी नुसतं ‘रिटर्न’ असतं. दर डेडलॉकला एक ट्रान्झॅक्शन उघडं राहतं, त्याने धरलेले लॉक तसेच राहतात, त्यामुळे इतर अडतात आणि आणखी डेडलॉक होतात. त्याच वेळी लॉगच्या जुन्या फाइली काढून टाकता येत नाहीत, कारण सर्वांत जुनं उघडं ट्रान्झॅक्शन जिथे सुरू झालं तिथपासूनचा लॉग ठेवणं डेटाबेसला भाग असतं. डिस्क भरते. टीएक्स-मॅक्स वाढवल्याने हे सगळं फक्त जास्त वेळ चालू राहतं.

इथे विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र पूर्ण खरा आहे, आणि तो मान्य न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. बर्कली डीबीत स्नॅपशॉट आयसोलेशन वापरलं तर कमिट झालेलं ट्रान्झॅक्शनही लगेच कोष्टकातून जात नाही. त्याने बनवलेल्या पानांच्या आवृत्त्या कॅशमध्ये आहेत तोवर त्याची नोंद राहते. तिथे शंभर थ्रेड आहेत म्हणून शंभराची मर्यादा पुरेल, हे गणित चुकतं आणि आकडा वाढवावाच लागतो. एखाद्या ट्रान्झॅक्शनच्या पोटात उपट्रान्झॅक्शन्स उघडणाऱ्या प्रोग्रामलाही अंदाज वर न्यावा लागतो. एलएमडीबीत ३०० थ्रेड एकाच वेळी वाचत असतील तर १२६ अपुरेच. माझा आक्षेप आकडा मोठा असण्याला नाही. तो कुठून आला हे सांगता येत नसताना तो मोठा करण्याला आहे. बर्कली डीबीच्या आकडेवारीत सध्या किती ट्रान्झॅक्शन्स उघडी आहेत हे छापून मिळतं. तो आकडा आठवडाभर पाहिला आणि तो कामाच्या गर्दीबरोबर खालीवर होत असेल तर बिनदिक्कत मर्यादा वाढवा. रविवारी दुकान बंद असतानाही उघडी ट्रान्झॅक्शन्स कमी होत नसतील तर कोड उघडा.

एसक्यूलाइटविषयी गैरसमज सर्वांत जास्त आहेत, म्हणून तिथे जरा थांबतो. ‘डेटाबेस लॉक्ड आहे’ हा संदेश ज्याने पाहिला नाही असा मोबाइल ॲप लिहिणारा शोधून सापडणार नाही. त्यावरचे दोन प्रचलित उपाय म्हणजे पूल मोठा करणं आणि बिझी-टाइमआउट वाढवणं. बिझी-टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे लॉक मिळालं नाही तर लगेच त्रुटी. तो काही सेकंद करणं योग्यच आहे. पण तो सगळीकडे लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते एका उदाहरणाने दाखवतो.

औषधांच्या दुकानातला बिलाचा प्रोग्राम घ्या. एकच मशीन, दोन काउंटर, प्रत्येक काउंटरसाठी एक थ्रेड आणि एक कनेक्शन, डेटाबेस वॉल पद्धतीवर (म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉग फाइलीत, मग मुख्य फाइलीत), टाइमआउट ३० सेकंद. प्रोग्राम नुसतं ‘बिगिन’ म्हणतो, शेवटचा बिल क्रमांक वाचतो, त्यात एक मिळवतो आणि नवं बिल लिहितो. नुसत्या ‘बिगिन’ने एसक्यूलाइट कुठलंच लॉक घेत नाही, पहिलं वाचन झालं की वाचन-ट्रान्झॅक्शन सुरू होतं, पहिलं लेखन आलं की त्याचं लेखन-ट्रान्झॅक्शनमध्ये रूपांतर करायचा प्रयत्न होतो. दोन्ही काउंटरांनी ४१७ वाचला. पहिल्याने ४१८ लिहायला घेतला, त्याला लेखनाचं लॉक मिळालं. दुसराही ४१८ लिहायला जातो आणि त्याला तत्काळ त्रुटी मिळते. तीस सेकंद थांबणं नाही, एक सेकंदसुद्धा नाही. कारण थांबून उपयोगच नसतो: पहिल्याचं कमिट झालं की दुसऱ्याने वाचलेला ४१७ शिळा ठरणार, आणि त्यावर लिहू दिलं तर दोन गिऱ्हाइकांना एकाच क्रमांकाची बिलं जातील. एसक्यूलाइट इथे तुमचा हिशोब वाचवतोय. दुसऱ्याने रोलबॅक करून पहिल्यापासून सुरुवात करणं एवढाच मार्ग उरतो. अशा वेळी पूल ५ वरून ५० केला तर शिळे क्रमांक धरून बसणारी कनेक्शन्स वाढतात आणि त्रुटीही वाढतात. उपाय एका शब्दाचा आहे: ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचं नक्की आहे ते ‘बिगिन इमिजिएट’ने सुरू करा. लेखनाचं लॉक वाचण्याआधीच मागितलं जातं, तिथे टाइमआउट चालतो, दुसरा काउंटर काही मिलिसेकंद थांबतो आणि ४१९ लिहितो.

या थांबण्याचंही स्वरूप समजून घ्यायला हवं. एसक्यूलाइटचा नेहमीचा बिझी-टाइमआउट रांग लावत नाही. थांबलेलं कनेक्शन १ मिलिसेकंद झोपतं, पुन्हा प्रयत्न करतं, मग २, ५, १०, असं करत शेवटी १०० मिलिसेकंदांच्या झोपा घेतं. जो जास्त वेळ थांबला तो जास्त वेळ झोपतो, आणि नुकताच आलेला भराभर प्रयत्न करत त्याच्या पुढे घुसतो. दोनचार जण थांबलेले असताना हे जाणवत नाही. पन्नास जणांना एकाच दारासमोर उभं केलं तर त्यातले काही दुर्दैवी ३० सेकंद उलटून त्रुटी घेऊनच परत जातात, दार मधल्या काळात कितीदा तरी उघडून गेलं असूनही. एक लेखन ५ मिलिसेकंदांचं असेल तर सेकंदाला २०० लेखनं होतील, समोर कितीही थ्रेड उभे करा. म्हणून लिहिण्यासाठी प्रोग्राममध्ये एकच कनेक्शन ठेवून त्याच्यासमोर स्वतःची रांग लावणं, आणि वाचनासाठी मोजकी वेगळी कनेक्शन्स देणं, हीच रचना टिकते. वाचणाऱ्यांनाही वेळेचं बंधन हवंच. वॉल फाइल साधारण १००० पानांची, म्हणजे मूळ पानाच्या आकाराने जवळपास ४ मेगाबाइटची झाली की एसक्यूलाइट ती मुख्य फाइलीत उतरवू पाहतो. पण जुना वाचक जिथे उभा आहे त्याच्या पुढे त्याला जाता येत नाही. एक कर्सर उघडा राहिला की वॉल वाढत जाते. एलएमडीबीतलीच गोष्ट, फाइल तेवढी वेगळी.

शेवटचा युक्तिवाद असा की हे सगळं एम्बेडेड डेटाबेसचं दुबळेपण आहे, खरा सर्व्हर घ्या आणि सुटा. पोस्टग्रेस उत्तम आहे. पण तिथेही एका वेळच्या कनेक्शनांची मर्यादा मुळात शंभराची असते, आणि तिथेही विसरलेलं ट्रान्झॅक्शन मृत ओळींची सफाई अडवून धरतं. हा त्रास इतका सार्वत्रिक होता की २०१६ च्या ९.६ आवृत्तीत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेल्या कनेक्शनला ठरावीक मुदतीनंतर हाकलण्याची सोय करावी लागली. बंधन संख्येवर नव्हे, वेळेवर. रॉक्सडीबी या आणखी एका एम्बेडेड डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शन-डेटाबेसमध्येही एका वेळच्या लॉकांच्या संख्येवर मुळात मर्यादा नसते, पण लॉकसाठी थांबण्याची मुदत एक सेकंदाची ठेवलेली असते, आणि हवं तर ट्रान्झॅक्शनला आयुर्मर्यादाही देता येते. आणि सर्व्हर नसणं ही एसक्यूलाइटची उणीव नव्हती, तोच त्याचा जन्महेतू होता. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. तिथे डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही हतबल व्हायचा. सर्व्हरशिवाय चालेल असा डेटाबेस हवा, या गरजेतून २००० मध्ये एसक्यूलाइट आला. ज्याला सर्व्हर लागतो त्याने जरूर घ्यावा, पण बंद न केलेलं ट्रान्झॅक्शन सोबत घेऊन जाऊ नये.

चाचणीच्या मशीनवर मी याच्या उलट दिशेने जायला सांगेन. तिथे आकडा कमी करा. आठ थ्रेड वाचत असतील तर मॅक्सरीडर्स दहा ठेवा, टीएक्स-मॅक्स थ्रेडांच्या संख्येहून जेमतेम वर ठेवा, पूलमध्ये तीन कनेक्शन्स द्या. गळती असेल तर ती ग्राहकाकडे तीन महिन्यांनी कळण्याऐवजी तुमच्या टेबलावर तासाभरात कळेल. सोबत प्रत्येक ट्रान्झॅक्शन उघडताना वेळ आणि कोडमधली जागा नोंदवा, आणि बंद होताना ५०० मिलिसेकंद उलटून गेले असतील तर लॉगमध्ये ओळ लिहा. ट्रान्झॅक्शन उघडण्याचं आणि बंद करण्याचं काम एकाच फंक्शनमध्ये आणलेलं असेल तर हा दुपारभराचा उद्योग आहे. आणलेलं नसेल तर आधी ते आणा.

‘ग्राहकाचं काम आत्ता, रात्री अकरा वाजता बंद पडलंय, तेव्हा हे प्रवचन नको’, असं कुणी म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे. आज रात्री आकडा वाढवा. पण वाढवण्याआधी दोन मिनिटं काढून उघड्या ट्रान्झॅक्शन्सची यादी छापून घ्या: एलएमडीबीत वाचकांचं कोष्टक, बर्कली डीबीत ट्रान्झॅक्शनची आकडेवारी, एसक्यूलाइटमध्ये वॉल फाइलीचा आकार आणि थ्रेडांचे स्टॅक. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की हा पुरावा पुसला जातो. आणि कॉन्फिगरेशनमध्ये नवा आकडा लिहाल त्याच्या वरच्याच ओळीत जुना आकडा, तारीख आणि हा बदल कोणत्या दिवशी मागे घ्यायचा ते लिहून ठेवा.